उन्हाला जात नसते, सावलीला असते

फाल्गुन सरला की मराठवाड्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे ऊन आणि दुसरी म्हणजे उन्हापासून कसे वाचावे हे सांगणारी पत्रके. दवाखान्याच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या फळ्यावर आणि आता व्हॉट्सॲपवर तीच पाच-सहा वाक्ये दरवर्षी फिरतात. दुपारी १२ ते ३ या वेळेत घराबाहेर पडू नका. तहान नसली तरी पाणी पीत राहा. बाहेर जाताना छत्री, टोपी, चप्पल वापरा. सावलीत थांबा. घर थंड ठेवा.

यातले एकही वाक्य चुकीचे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माणसाच्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेरचा पारा चाळिशीच्या वर गेला की शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. घामासाठी पाणी लागते. कष्टाने शरीराच्या आत उष्णता तयार होते, म्हणून विश्रांती लागते. डोक्यावरचे ऊन ती उष्णता वाढवते, म्हणून सावली लागते. यातले काही मिळाले नाही आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंड, हृदय एकेक करून साथ सोडू लागतात. यालाच आपण उष्माघात म्हणतो. थोडक्यात, उन्हात जगायला तीनच गोष्टी हव्यात : स्वतःच्या ताब्यात असलेली वेळ, हाताशी पाणी आणि डोक्यावर सावली.

आता प्रश्न असा की, या तीन गोष्टी या देशात कोणाच्या ताब्यात होत्या? पत्रक लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे की त्या प्रत्येकाकडे आहेत, फक्त वापरायची अक्कल नाही. आपला इतिहास मात्र नेमका उलटा आहे. पत्रकातला एकेक सल्ला घ्या आणि इतिहासाला विचारा. अस्पृश्यांना तोच सल्ला पाळायला धर्माने, रूढीने आणि राजसत्तेने बंदी केलेली दिसेल.

दुपार कोणाची?

पहिला सल्ला वेळेचा आहे. भर दुपारी बाहेर पडू नका.

गो. स. घुर्ये हे काही आंबेडकरी चळवळीचे लेखक नव्हेत. त्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात मराठे व पेशवे यांच्या राजवटीतला पुण्याचा एक नियम नोंदवला आहे. महार आणि मांग यांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ पूर्वी शहराच्या वेशीत प्रवेश नव्हता. कारण काय? सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो, माणसाची सावली लांब पडते आणि ती सावली एखाद्या ब्राह्मणाच्या अंगावर पडली तर तो विटाळेल!

गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपण भाषणांत नेहमी सांगतो. या नियमाचा उन्हाशी असलेला संबंध मात्र आपण सहसा तपासत नाही. चैत्र-वैशाखात शहाणा माणूस कष्टाची कामे केव्हा उरकतो? पहाटे आणि दिवस कलल्यावर. या राजवटीने आपल्या पूर्वजांसाठी नेमक्या याच दोन वेळा वर्ज्य ठरवल्या. त्यांना शहरात यायचे तर सूर्य डोक्यावर असताना, सावली पायाखाली गोळा झालेली असताना. आजचे पत्रक ज्या तीन तासांत बाहेर पडू नका म्हणते, ते तिन्ही तास महार-मांगांना दिलेल्या सहा तासांत आहेत. सवर्णाच्या शुद्धतेसाठी अस्पृश्याला भर उन्हाची वेळ नेमून दिली गेली. उन्हाची अशी वाटणी निसर्गाने केली नव्हती, ती माणसाने केली होती.

गावगाड्यात तर वेळेचा प्रश्नच नव्हता. महारकी म्हणजे चोवीस तासांची चाकरी. सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जा, सरकारी माणसापुढे धावत चाला, मेलेले ढोर ओढून न्या. पाटलाने बोलावले की निघायचे, मग पाय भाजत असले तरी भाजू देत. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतन हे जमिनीचे प्रकरण होते तसेच ते वेळेचेही होते. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याला दुपारी घरात बसा असे सांगण्यात अर्थ काय?

आजही दिवसाची मालकी फारशी बदललेली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मजूर अड्ड्यांवर सकाळी उभे राहणारे हात, वीटभट्टीवरची जोडपी, रस्त्यावर डांबर ओतणारे, कचऱ्याच्या गाड्यांवर लटकणारे, उसाच्या फडातून परतणारे कोणत्या समाजांतून येतात, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. १२ ते ३ घरी बसले तर अर्धी मजुरी जाते. आखाती देशांत हाच प्रश्न आला तेव्हा तिथल्या सरकारांनी मजुरांना पत्रके वाटून विषय संपवला नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास मालकाला बंदी आहे. कतारने २०२१ पासून ही बंदी सकाळी १० ते दुपारी साडेतीन अशी केली. ती राज्ये काही मजुरांचे स्वर्ग नव्हेत, हे तिथे राबून आलेले आपले लोकच सांगतील. पण नियमाचे तोंड कोणाकडे आहे ते पाहा. तो मजुराला उन्हात जाऊ नकोस म्हणत नाही, मालकाला त्याला उन्हात उभे करू नकोस म्हणतो. सल्ला आणि कायदा यांत हाच फरक आहे.

छत्री आणि चप्पल

दुसरा सल्ला वाचून तर हसावे की रडावे कळत नाही. छत्री घ्या, चप्पल घाला.

त्रावणकोर-मलबारात खालच्या ठरवलेल्या जातींना छत्री उघडण्याची आणि पायात जोडा घालण्याची बंदी होती. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत पाटलाच्या वाड्यासमोरून, चावडीसमोरून जाताना दलिताने पायातले काढून हातात घ्यावे, अशी रीत होती. वैशाखातल्या दुपारी फुफाट्यातून अनवाणी चालण्याचा अर्थ ज्याने चालून पाहिला त्यालाच कळतो. आणि यातला विरोधाभास पाहा. मेलेल्या जनावराचे कातडे सोलायचे महाराने, ते कमवायचे ढोराने, त्याचे पायताण शिवायचे चांभाराने आणि ते घालून मिरवायचे इतरांनी!

म्हणूनच आपल्या चळवळीत पायातला बूट आणि अंगावरचा स्वच्छ कपडा यांना एवढे महत्त्व आले. बाबासाहेबांच्या सुटा-बुटाची टिंगल करणाऱ्यांना हे कधी समजले नाही. ज्या पायांना तापलेल्या मातीची सक्ती होती, त्या पायांतला बूट ही चैन नव्हे. ते बंडही आहे आणि आरोग्यही आहे.

तहानेचा इतिहास

तिसरा सल्ला पाण्याचा. इथे आपला इतिहास सर्वांत जास्त बोलतो.

१९०१ सालचा उन्हाळा. साताऱ्यात शिकणारा नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नव्हते. ही मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान शेजारी बसेना, मुलांनी गाडी हाकायची आणि तो पायी चालणार असे ठरले. जवळ भाकरी होती, पण पाणी नव्हते. वाटेत जे दाखवण्यात आले ते शेण-मुताने गढूळलेले होते. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. घरून आणलेले अन्न तसेच राहिले, कारण पाण्याशिवाय घास उतरेना. बाबासाहेबांनी हे सारे पुढे आपल्या आठवणींच्या छोट्या टिपणात लिहून ठेवले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने छापले. ती मुले नीटनेटक्या कपड्यांतली होती, त्यांच्या खिशात पैसे होते. ज्यांना जात हा फक्त गरिबीचा प्रश्न वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पैसा होता आणि तहानही होती, तरीही पाणी मिळाले नाही.

त्याआधी १८६८ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, तो याच तहानेला दिलेला उत्तराचा पहिला घोट होता. दुसरा घोट महाडला घेतला गेला. मार्च महिन्यात कोकणात उकाडा सुरू झालेला असतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे जमली आणि त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी गावातून विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे पाणी! चवदार तळे समोर भरलेले होते. नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठराव तीन वर्षे आधीच केला होता. पण ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात. या दोहोंमधले अंतर २० मार्चला माणसांनी स्वतःच्या पायांनी कापले. त्यानंतर सभेच्या माणसांवर हल्ले झाले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांची १०८ मडकी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. गुरे त्या तळ्यावर पाणी पीत होती. त्यांच्यासाठी कोणी मडकी ओतली नव्हती. हा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला. पाण्याचा एक घोट कायदेशीर ठरायला दहा वर्षे!

आता आपल्या शहराच्या उंबरठ्यावर या. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस कार्यकर्त्यांसह वेरूळ पाहायला निघाले असता दौलताबादच्या किल्ल्यावर आले. दरवाज्याजवळच्या हौदावर प्रवासाची धूळ झटकायला काहींनी हात-पाय-तोंड धुतले. लगेच आरडाओरडा झाला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, स्थानिक अस्पृश्यांनाही दमदाटी झाली आणि शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आरडाओरडा करणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी ते लपवले नाही, उलट हिंदूंसाठी जो अस्पृश्य तो इतरांसाठीही अस्पृश्यच ठरतो हेच त्यातून दाखवले. महिना रमजानचा होता आणि त्या वर्षी रमजान थंडीत आलेला होता. थंडीत, तोंड धुण्यापुरते पाणी घेतले तर एवढा अनर्थ. मग वैशाखात, तहानेने जीव कासावीस झालेला असताना याच मुलखातल्या खेड्यापाड्यांत काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आणि हे सारे अशा शहराच्या परिसरात, ज्याची वस्तीच पाण्याच्या शहाणपणावर उभी राहिली. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरी आजही त्याची साक्ष देते. गुलामीतून आलेल्या माणसाने पाणी शहरापर्यंत पोहोचवले. ते प्रत्येक ओठापर्यंत जाऊ नये याची व्यवस्था जातीने केली.

‘हे जुने झाले’ असे म्हणणाऱ्यांसाठी २०१६ सालचा दुष्काळ पुरेसा आहे. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात बीड जिल्ह्यात भर उन्हात हातपंपावरून खेपा घालणारी बारा वर्षांची मुलगी कोसळून मेली. त्याच उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातल्या कोळंबेश्वर गावात एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिले गेले नाही. तो माणूस गयावया करत बसला नाही. रोजची मजुरी करून उरलेल्या वेळात त्याने एकट्याने विहीर खणायला घेतली आणि चाळीस दिवसांत पाणी लावले. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. कौतुक रास्तच होते. पण एका माणसाला भर उन्हाळ्यात चाळीस दिवस खडक का फोडावा लागला, याचे उत्तर गावाला कोणी विचारले का? पुरेसे पाणी प्या असे सांगणारे पत्रक त्या गावातही गेलेच असेल.

शहरात जातीऐवजी नळाचे वेळापत्रक बोलते. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर असताना संभाजीनगरच्या कित्येक वस्त्यांनी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणाऱ्या नळावर उन्हाळे काढले आहेत. ज्याच्याकडे टाकी, मोटार आणि टँकरचे पैसे आहेत त्याचे भागते. ज्याच्याकडे दोन पिंपे आहेत तो मोजून पितो. आणि ज्या बाईला कामाच्या जागी शौचालयच नाही, ती तर लघवीला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी टाळते. तिला पाणी प्या असे सांगून काय होणार?

पारा सावलीत मोजतात

चौथा सल्ला सावलीचा. आपण बातमीत ऐकतो की चिकलठाणा वेधशाळेत आज कमाल तापमान ४१ अंश नोंदले गेले. हे ४१ अंश कुठले? वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळती असलेल्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. हवेचे तापमान मोजण्याची शास्त्रीय पद्धत तीच आहे, त्यात वेधशाळेचा दोष नाही. पण त्याचा अर्थ असा की बातमीतला आकडा सावलीत उभ्या असलेल्या यंत्राचा आहे. स्लॅबवर सळई बांधणाऱ्याचा तो आकडा नव्हे. पत्र्याच्या खोलीत बाळंतपण झालेल्या बाईचाही नव्हे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ना चिरेबंदी वाडा, ना जाड मातीचे माळवद, ना झाडांसाठी मोकळी जागा. तोच नमुना शहरात झोपडपट्टीच्या रूपाने आला. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही गार होत नाही आणि शरीराला सावरायला मिळणारी रात्रसुद्धा हिरावली जाते.

१६ एप्रिल २०२३ आठवा. नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा जनसमुदाय उघड्या मैदानात आणि मान्यवर छताखालच्या मंचावर. सरकारी आकड्यानुसार १४ माणसे दगावली. त्यांची जात काढण्याची गरज नाही. सावली कुठे लावायची हे ठरवणारे कोण होते आणि ती कोणाच्या वाट्याला आली, एवढे विचारले तरी पुरे.

जगात हे फक्त इथेच घडते असेही नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे मेली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्या मृत्यूंचे ‘सामाजिक शवविच्छेदन’ केले. तेव्हा दिसले की काळ्या लोकांच्या ओस पडलेल्या, दुर्लक्षित वस्त्यांनी आणि एकट्या राहणाऱ्या गरीब वृद्धांनी मोठी किंमत मोजली होती. तिकडे वंश, इकडे जात.

‘यात जात कशाला आणता?’

आता काही मित्र म्हणतील, उष्माघात ब्राह्मणालाही होतो, मराठ्यालाही होतो. सूर्य जात पाहत नाही. यात जात कशाला आणता?

मित्रहो, सूर्य जात पाहत नाही हे अगदी खरे. म्हणूनच तर प्रश्न सूर्याला नाही, व्यवस्थेला आहे. हेही खरे की कोरडवाहू मराठा शेतकरी, लमाण ऊसतोड मजूर, मुसलमान हमाल हे सगळेच आज उन्हात होरपळतात. त्यांच्याशी आपले भांडण नाही, उलट ही लढाई त्यांना बरोबर घेऊनच लढायची आहे. पण होरपळणाऱ्यांमध्येही एक पायरी आहे. कोरड्या विहिरीवर सगळेच तहानलेले असतात, पण भरलेल्या विहिरीवरून परत पाठवले जाणारे ठरावीकच असतात. या दुसऱ्या तहानेला हवामान जबाबदार नाही. संविधानकारांना हे माहीत होते. म्हणूनच कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांची नावे घ्यावी लागली. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यातही सामाईक पाणवठा वापरण्यास अडथळा आणणे हा स्पष्ट गुन्हा लिहावा लागला. सूर्याने जात पाहिली नाही म्हणून विहिरीने पाहिली नाही, असे होत नाही.

सल्ल्याकडून हक्काकडे

मग करायचे काय? बाबासाहेबांनी दाखवलेला रस्ता असा की, जे उपकार म्हणून मिळते ते हक्क म्हणून लिहून घ्या. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामगाराच्या कामाचे कमाल तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. ते विधेयक त्यांनीच मांडले होते. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रत्येक कारखान्यात पिण्याचे पाणी आणि २५० हून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी देणे मालकावर बंधनकारक केले. १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्या हातांतून महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. त्यातून प्रेरणा घेतलेल्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कामाच्या जागी शुद्ध पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीचा वेळ आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी लिहून दिल्या. म्हणजे पाणी, सावली आणि वेळ या तिन्ही गोष्टी कायद्याच्या भाषेत आणता येतात. मार्च २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कातच येते, असे म्हटले आहे.

इच्छाशक्ती असेल तर प्रशासनालाही जमते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय आणि पुढे झोपड्यांच्या छतांना पांढरा रंग, असे त्याचे स्वरूप होते.

आपल्या मागण्याही तितक्याच नेमक्या हव्यात. उष्णतेच्या लाटेच्या दिवशी १२ ते ३ उघड्यावरचे काम बंद आणि त्या तासांची मजुरी चालू. प्रत्येक मजूर अड्ड्यावर शेड, पाणी आणि बायकांसाठी शौचालय. सफाई कामगारांची पाळी पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याआधी संपावी. पत्र्याच्या घरांच्या छतांना चुन्याचा किंवा पांढरा रंग पालिकेच्या खर्चाने. टँकर दलित वस्तीत शेवटी नव्हे, आधी. आणि उन्हाने मेलेल्या माणसाच्या कागदावर ‘हृदयविकार’ लिहून मोकळे होऊ नये. मृत्यू मोजलाच गेला नाही तर भरपाई कोणाकडे मागणार?

तोवर आपलीही काही जबाबदारी आहे, कारण हक्क मिळेपर्यंत माणसे जिवंत राहिली पाहिजेत. उन्हाच्या कामाला नव्याने लागलेल्या माणसाला पहिला आठवडा हलके काम द्या, शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्या. ताक, आंबील, लिंबूपाणी चालेल. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. लघवी गडद पिवळी होणे, पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही धोक्याची घंटा आहे, तिथेच काम थांबवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि खिशातल्या कांद्यावर विसंबू नका. कांदा भाकरीबरोबर खायचा असतो, खिशात ठेवून ऊन उतरत नाही. बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्यांनी निदान एवढे तरी तपासून घ्यावे.

आपल्या जयंतीचा महिना हाच आहे. १४ एप्रिलला मराठवाडा तापलेला असतो. आपल्या वस्त्यांतली मंडळे त्या दिवशी चौकाचौकांत पाणी आणि सरबत वाटतात, येणाऱ्याची जात न विचारता. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या ओंजळीत वरून, अंगाला अंग न लावता पाणी ओतले गेले, त्यांची नातवंडे आज प्रत्येकाच्या हातात पेला देतात. महाडच्या तळ्याचे याहून चांगले स्मारक दुसरे नाही. ही पाणपोई एका दिवसाची न ठेवता चैत्र ते ज्येष्ठ चालवावी. मुलांच्या रॅली भर दुपारी काढू नयेत. डीजेच्या खर्चातला काही भाग वस्तीच्या सावलीसाठी, झाडांसाठी आणि छतांच्या रंगासाठी काढावा.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे मानलेले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा आणि त्यात युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध, हे कारण त्यांनी मांडले. चवदार तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला बुद्धाच्या चरित्रात पाणी दिसावे, यात नवल नाही. पाणी कोणाचे हा प्रश्न जो टाळत नाही, तोच माणसाच्या दुःखाच्या मुळाशी जातो.

यंदाही पत्रक येईल. ते जरूर वाचा, घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. आणि मग ते घेऊन ग्रामपंचायतीत, पालिकेत, ठेकेदाराकडे जा. त्यातल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा : ही वेळ, हे पाणी, ही सावली आम्हाला कधी देणार?

जय भीम!